मागच्या दारचे आठ दिवे

७ जानेवारी

प्रिय फ्यूज,

खोकं पोचलं. आठही दिवे शाबूत आहेत. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तू, पण सुतळीला गाठी अशा मारतोस की सात जन्म सुटू नयेत. शेवटी कात्रीला शरण गेले.

आता म्हणशील, फोन का नाही केला. फोनवर आपण दोघंही खोटं बोलतो. तू म्हणतोस बरा आहे, मी म्हणते बरी आहे, संपलं. तू वसतिगृहात होतास तेव्हापासून आपली खरी बोलणी पत्रातच झाली आहेत. पत्रात खोटं लिहायला फार वेळ बसावं लागतं आणि तेवढी मला फुरसत नाही.

दिवे मीच बसवले. स्वयंपाकघराच्या दारापासून पायऱ्यांच्या कडेने, मग गुलाबांच्या वाफ्यावरून, लिंबोणीला वळसा घालून थेट नळापर्यंत. माझ्या शिवणाच्या टेपने मोजून चार-चार फुटांवर टोक जमिनीत खुपसलं. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले आहेत, रांग वाकडी होणार नाही. सुई ओवायला हल्ली शेजारच्या बाई लागतात, पण टेप अजून मलाच वाचता येते.

वरची ती काळी काच उन्हाने तडकू नये म्हणून आठही दिव्यांना जाड कापडाची टोपडी शिवली आहेत. सकाळी घालते, संध्याकाळी काढते. हसू नकोस. या घरातला मिक्सर बावीस वर्षं चालला तो माझ्या खोळीमुळे.

एकच गोष्ट आहे, ते लागत नाहीत. तीन संध्याकाळी दारात बसून पाहिलं. काळाकुट्ट अंधार.

आपला करार मी विसरलेली नाही. ऑक्टोबरात मी तिसऱ्या पायरीवरून पडले आणि मनगट मोडून घेतलं, तेव्हा तू म्हणालास, बागेत उजेड होऊ दे, मग राहा खुशाल एकटी. पण आणखी एकदा पडलीस तर घर भाड्याने द्यायचं आणि माझ्याकडे यायचं. मी हो म्हटलं. पण तुझे दादा गेल्यापासून मला बोलायला ही बागच आहे रे. अकराव्या मजल्यावर मी काय करू? कुंडीत माणूस लावता येत नाही. तेव्हा हे दिवे लागायला हवेत. कसे लागतील ते कळव.

तुझी वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतका हसलो की साहेब विचारायला आले.

अगं, ते दिवे ऊन खाऊन जगतात. ती काळी काचच त्यांचं तोंड आहे. तू सकाळी तोंड बांधतेस आणि संध्याकाळी विचारतेस, का रे, अंगात जोर का नाही? टोपडी काढ. सगळी. पाऊस पडो, धूळ पडो, काढलेलीच राहू देत. दोन दिवस उन्हात जाऊ दे, मग अंधार पडला की आपोआप लागतील, तुला बोटसुद्धा लावायला नको. उजेड टोपीतून सरळ खाली जमिनीवर पडतो. डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी मुद्दामच तसले निवडले.

तुझ्या धाकट्या जाऊबाईंना टोपड्यांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, आमच्या टीव्हीलाही एक मागवा. आमच्या पिटुकलीने तर आठ दिव्यांना टोपडी घातलेलं चित्र काढलं आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘मोठ्या आईची बाळं’. सोबत घातलं आहे.

तुझा,
फ्यूज (चाळीस वर्षांपूर्वी एकदा घराचा फ्यूज उडवला, तर जन्माची शिक्षा)


२४ जानेवारी

प्रिय फ्यूज,

चित्र कपाटावर लावलं. सगळ्यात पुढच्या बाळाला मिशा का आहेत ते तिला विचार.

टोपडी काढली. एवढी मेहनत वाया गेली, पण म्हटलं असू दे. सहा दिवस दिवे उन्हात आहेत आणि ऊनही असं की वाळत घातलेला टॉवेल कडकडीत होतो. रोज सात वाजता दारात खुर्ची टाकून बसते आणि आठला उठते. एकही लागत नाही रे. उजेड गेला की बाग जी नाहीशी होते ती सकाळीच सापडते.

तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस, नीट सांग. मी अडाणी आहे हे मान्य, पण सांगितलेलं करते.

वहिनी


३ फेब्रुवारी

वहिनी,

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधू. दिवा उलटा कर. टोपीच्या पोटात नखाएवढं बटण आहे, ते सरकवलंस का? काचेवर धूळ असेल तर ओल्या फडक्याने पूस. लिंबोणीची सावली दुपारी ज्यांच्यावर पडते ते दोन जरा पुढे घे.

एवढं करूनही लागले नाहीत तर दोष दिव्यांत आहे. मी दुकानदाराला चांगला फैलावर घेतला आहे. तो शपथेवर सांगतो की माल तपासून दिला होता. सगळे असंच म्हणतात. दुसरे आठ आजच पाठवतो आहे. ते आले की जुने काढून टाक.

तुझ्या ओळी हल्ली उजवीकडे उतरत जातात. घाईत लिहितेस का? कसली एवढी घाई असते तुला?

फ्यूज


२१ फेब्रुवारी

प्रिय फ्यूज,

बटणं पाहिली, ती आधीपासून सरकवलेलीच होती; काचा पुसल्या, दिवे पुढे घेतले. मग दुसरे आठ आले, तेही बसवले. त्यांचीही बटणं तपासली.

नाही लागले.

सोळा दिवे झाले. आता मलाच हसू येतं आणि मग हसूही येत नाही. काल सातला पुदिना खुडायला म्हणून नळापर्यंत गेले आणि परत येताना भिंतीला हात लावून लावून आले. पडले नाही, घाबरू नकोस. पण लवकर काहीतरी कर. तुझ्या दुकानदाराला सांग, म्हाताऱ्या बाईला फसवून त्याचं भलं होणार नाही.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

आज स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

दुसरे आठ दिवे मी पाठवण्याआधी आमच्या गॅलरीत चार दिवस लावून पाहिले होते. आठही लख्ख लागत होते. पिटुकली त्यांच्याखाली बसून चित्रं काढत होती. तेच दिवे तुझ्या बागेत गेले आणि मेले? मी अठ्ठावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतो आहे. आमच्या धंद्यात दहा तक्रारी आल्या तर नऊंमध्ये बिघाड यंत्रात नसतो, माणसात असतो. कोणी दार धरून ठेवलेलं असतं, कोणी भलतंच बटण दाबत असतं, आणि सगळे शपथ घेतात की आम्ही काही केलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं.

तू दिवसा पुन्हा काहीतरी झाकते आहेस. किंवा पुसताना काच घासून आंधळी केली आहेस. किंवा तुला हे दिवे नकोच आहेत, कारण ते आम्ही सुचवले. भिंतीला हात लावून आले म्हणतेस आणि वर घाबरू नकोस म्हणतेस. मी इथे रोज संध्याकाळी सात वाजता घड्याळ बघतो. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो. तू पडून राहिलीस तर कोणाला कळणार?

शेवटचं सांगतो. शेजारच्या बाईंना संध्याकाळी बोलाव, दोघी दारात उभ्या राहा, आणि डोळ्यांत तेल घालून बघा काय होतं आहे. त्यांनाही दिवे लागलेले दिसले नाहीत तर मी हात जोडतो. मग पंधरा तारखेला मी येतो आणि तुला घेऊनच जातो.

फ्यूज


६ मार्च

प्रिय फ्यूज,

लागले. आठही लागतात. चूक माझीच होती, तू म्हणालास तसं झालं होतं. बाईंना बोलावलं, त्यांनी लगेच दाखवून दिलं.

बाग छान दिसते. तू येण्याची गरज नाही. दुकानदाराला बोलले ते मागे घेते, त्याला तसं सांग.

वहिनी


१५ मार्च

माझी गुणाची वहिनी,

तुझं चार ओळींचं पत्र मी चार वेळा वाचलं. एवढं छोटं पत्र तू जन्मात लिहिलं नसशील. रागावली आहेस ते कळतंय. मी फार टाकून बोललो. पण तू पडलीस तेव्हाचा तुझा फोनवरचा आवाज माझ्या कानातून जात नाही, त्याचा तो राग होता. तू मला वाढवलंस, शाळेत सोडलंस, माझ्या गणवेशाच्या खिशाला आतून अस्तर लावलंस, कारण मी खिळे भरून ठेवायचो. तुझ्यावर ओरडायचा अधिकार मला कोणी दिला?

जाऊ दे. आता आनंदाची बातमी. करार पक्का झाला. घर तुझं, बाग तुझी, कोणी नाव काढणार नाही. हिलाही तसं सांगून टाकलं आणि हिलाही हायसं वाटलं.

आणि दुसरी बातमी त्याहून मोठी. पिटुकली एप्रिलच्या सुट्टीत तीन आठवडे तुझ्याकडे येते आहे, एकटी. इतके दिवस मीच नको म्हणत होतो. सात वर्षांची पोर, खाली मुंडी पाताळ धुंडी, आणि मागच्या दारी अंधार. आता उजेड आहे म्हटल्यावर काय भीती? तिने आत्ताच जाहीर केलं आहे की संध्याकाळी सगळ्या बाळांना पाणी घालायचं काम तिचं. झाडांना की दिव्यांना ते मी विचारलं नाही. तिकीट बारा तारखेचं काढतो.

तू तिच्याकडे लक्ष ठेव, ती तुझ्याकडे ठेवेल.

तुझा फ्यूज


४ एप्रिल

प्रिय फ्यूज,

पिटुकलीचं तिकीट काढलं असशील तर रद्द कर. हे पत्र मी दिवसाढवळ्या, उन्हात बसून लिहिते आहे. अठरा दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

मी तुला खोटं लिहिलं. म्हणूनच ते पत्र छोटं झालं.

त्या संध्याकाळी बाईंना बोलावलं, तू सांगितलंस तसं. दोघी दारात उभ्या राहिलो. मी म्हटलं, बघा हो, एक तरी मेला लागलाय का? बाईंनी आधी बागेकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग म्हणाल्या, “थट्टा करताय का माझी? लागलेत की सगळे. जानेवारीपासून लागतात. मी रोज खिडकीतून बघते, किती छान दिसतं.” मी हसले. म्हटलं, हो, थट्टाच केली. त्या घरी गेल्या.

मग मी भिंत धरून पहिल्या दिव्यापाशी गेले, खाली बसले आणि टोपीखाली हात धरला. माझा हात मला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा झिजतो आहे, बरीच वर्षं. आधी अंधारातलं दिसायचं जातं, मग कडेचं, मग उरलेलं. मी म्हटलं, विरतोय म्हणा, मला तसं कळेल. विरलेल्या कापडावर टाका धरत नाही, आजूबाजूचंही फाटतं. ते म्हणाले, अगदी तसंच आहे. मग ते औषध लिहून देतो म्हणाले नाहीत, तेव्हा मला सगळं समजलं.

तेव्हा तुझा तो दुकानदार खरा होता. त्याची माफी माग. सोळाही दिवे चांगले होते.

मी तुला ताकास तूर लागू देणार नव्हते. म्हटलं, दिवसा तर दिसतं, सातच्या आत घरात शिरायचं, दार लावायचं, कोणाला कळतंय? एक उन्हाळा तरी काढू. गुलाबांना कळ्या आल्या आहेत, त्या उमलेपर्यंत. मग पाऊस येईपर्यंत. अशी मी स्वतःलाच मुदत वाढवून देत होते. आणि तू लिहिलंस, घर तुझं, बाग तुझी. ते वाचून मी रडले, आणि खोटं पचलं म्हणून बरंही वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

मग पिटुकलीचं वाचलं. ती संध्याकाळी बागेत पळणार. कुठे तरी पाय अडखळून पडणार, नाहीतर नळापाशी विंचूकाटा असणार. आणि मी दारात उभी राहून नुसत्या हाका मारणार, कारण चार फुटांवर असली तरी मला ती दिसणार नाही. माझ्यासाठी मी खोटं बोलू शकते. तिच्या जिवावर नाही.

आता काय करायचं ते तू ठरव. मला भांडायला तोंड उरलेलं नाही.

वहिनी


११ एप्रिल

वहिनी,

पत्र कामावर मिळालं. छतावरच्या मशीनच्या खोलीत जाऊन वाचलं, कारण तिथे कोणी येत नाही. तासभर खाली उतरलो नाही.

ऑक्टोबरात तू पडलीस तेव्हा मी आलो आणि काय केलं? पायरी तपासली. सिमेंट लावून पायरी सारखी केली आणि काम झालं म्हणून निघून आलो. तुझ्या ओळी वाकड्या जातात हे मला दिसलं, तर मी विचारलं, घाई कसली. आणि ते बिघाड माणसात असतो हे वाक्य. वहिनी, ते पत्र फाडून टाक. माझ्या हाताने लिहिलेलं आहे ते मला सहन होत नाही.

करार मोडू, तू तिथेच राहा, असं मी लिहिणार होतो. लिहिलंही, मग खोडलं. मला तसं म्हणता येत नाही. ही म्हणते, घेऊन या, मी सुट्टी टाकते. इथले डॉक्टर बघू. ते काही वेगळं सांगतील असं मला वाटत नाही, पण बघू.

मी पुढच्या शनिवारी येतो. तोवर संध्याकाळी दाराबाहेर पाऊल टाकू नकोस. हे रागाने लिहीत नाही.

तुझा फ्यूज


१४ एप्रिल

प्रिय फ्यूज,

करार तू मोडायचा नाहीस आणि मीही मोडणार नाही. तसं पाहिलं तर मी पुन्हा पडलेली नाही, म्हणजे कागदोपत्री मीच जिंकले. एवढं तरी माझ्या नावावर असू दे.

बाईंच्या ओळखीचं एक जोडपं आहे, दोघं शिक्षक, मूलबाळ नाही. घर बघून गेले. तिने लिंबोणीखाली उभं राहून वर पाहिलं आणि तिचा चेहरा मला आवडला. त्यांना द्यायचं. गुलाबांची छाटणी मी तिला दाखवली. तिने वहीत लिहून घेतलं. मी तिला म्हटलं, काटे टोचून घ्याल तेव्हा कळेल, वहीने नाही.

शिलाई मशीन घेऊन येणार आहे. तुमच्या टीव्हीची खोळ शिवायचीच आहे. माझी खोली कुठलीही असो, पण सकाळचं ऊन येणारी दे.

मे महिन्यात त्यांना किल्ली द्यायला तू एकटा जा. मला ते जमणार नाही. तेव्हा एक संध्याकाळ तिथे राहा, दारात बस, आणि दिवे लागले की काय दिसतं ते मला लिही. बाईंना विचारलं तर त्या ‘छान दिसतं’ म्हणतात. त्यांना सगळंच छान दिसतं. तू नीट लिही, अक्षर मोठं काढ, म्हणजे मला गॅलरीत बसून वाचता येईल. आणि मला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस. आपल्यात खोटं एकदा झालं, पुरे झालं.

वहिनी


१८ मे

वहिनी,

अक्षर मोठं काढतो आहे. कागद पुरला नाही तर मागे लिहीन.

साडेसहाला दारात खुर्ची टाकली. सगळ्यात आधी लागला तो नळाजवळचा. तिथे लिंबोणीची सावली असते, म्हणून त्याला अंधार लवकर कळतो. मग लिंबोणीखालचे दोन, मग वाफ्यावरचे, एकेक करून. पायऱ्यांवरचे शेवटी. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत दहा मिनिटं लागतात. रांग अगदी सरळ आहे.

प्रत्येक दिव्याखाली परातीएवढा पांढरा उजेड पडतो. मध्ये अंधार, मग पुन्हा परात. वाटेवरचे खडे मोजता येतात. नळाखालचा ओला दगड चमकतो. पुदिना माजला आहे, तो हिरवा न दिसता करडा दिसतो. वाफ्यात दोन गोगलगाई होत्या. गुलाबांना फुलं आहेत, दिवसा मी अकरा मोजली, पण ती उजेडात येत नाहीत. टोप्यांमुळे सगळा उजेड खाली जातो, नुसते बुंधे आणि काटे दिसतात. दिवे वीतभर उंच घ्यायला हवे होते. ती माझी चूक, तसले दिवे मी निवडले.

तिसऱ्या पायरीवर सगळ्यात चांगला उजेड आहे. मी खुर्ची सोडून तिथे जाऊन बसलो. हे दिवे आधी असते तर तू पडली नसतीस, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. तू पडलीच असतीस, आणि मी पुन्हा सिमेंट लावलं असतं. तिथे बसून मी खूप रडलो. बाई त्यांच्या खिडकीत होत्या, त्यांनी खिडकी लावून घेतली.

एक आठवलं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि संध्याकाळी नळावर हात धुवायला जायला घाबरायचो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, पण तुला कळलं. तू कधी माझ्याबरोबर आली नाहीस. दारात उभी राहायचीस आणि काहीबाही बोलत राहायचीस, दूध किती सांडलं, कोणाच्या शर्टाचं बटण तुटलं, आणि मी तुझ्या आवाजाच्या अंदाजाने जायचो आणि परत यायचो. मी दारात पोचेपर्यंत तू बोलायची थांबत नसायचीस.

आमच्या घरात संध्याकाळी तू खोलीतच बसून राहतेस, हे मी महिनाभर बघतो आहे. कोणाला त्रास नको म्हणून तू पाणीसुद्धा मागत नाहीस. तसं करू नकोस. तुला उठायचं असेल तेव्हा मला फक्त एक हाक मार. मी जिथे असेन तिथून बोलत राहीन, लिफ्टचं, साहेबांचं, काहीही. तू आवाजाच्या अंदाजाने ये.

दिवे काढले नाहीत. नव्या भाडेकरू बाईंना, दिव्यांवर काही झाकू नका, असं सांगितलं आहे. उद्या सकाळी दहाला त्यांना किल्ली देतो आणि अकराच्या गाडीने निघतो.

तुझा फ्यूज